टप काढला की वजन वाढतं

आमच्या नंदिनी नगरात उघड्या टपाची मोटार कुणाकडेच नाही. मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी इथं येऊन पाच मिनिटं उभं राहिलात, तर त्याचं कारण विचारावं लागणार नाही. डोक्यावर पंचेचाळीसच्या घरातलं ऊन आणि पायाखाली चुनखडीची पांढरी धूळ. नंदिनी म्हणजे भिलाई पोलाद कारखान्याची चुनखडीची खाण. लोखंडाच्या दगडातली माती-वाळू भट्टीत वितळवून वेगळी काढायला चुनखडी लागते, ती इथून जाते. भिलाईपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, खाणीत काम करणाऱ्यांसाठी वसलेली ही वस्ती. क्वार्टर इतके सारखे की चुकून दुसऱ्याच्या कुलपाला चावी लावल्याचे किस्से घरटी एक तरी सापडेल. अशा गावात मोटारीला टप हवाच, आणि जमलं तर त्या टपावर ओलं गोणपाट.

तरीही गेलं वर्षभर माझ्या डोक्यात उघड्या गाड्याच फिरताहेत. याचं एक कारण पोटापाण्याचं आहे. मी बी.ए. इंग्लिश केलंय आणि घरी बसून कंटेंट रायटिंग करते. गेल्या वर्षी एका ग्राहकासाठी धातूच्या छोट्या मोटारींची वर्णनं लिहायचं काम मिळालं. खेळणीच, पण हुबेहूब, शोकेसमध्ये ठेवायची. त्यातल्या बऱ्याचशा गाड्या एकाच काळातल्या आणि एकाच देशातल्या निघाल्या. १९५०च्या दशकातल्या अमेरिकन कन्व्हर्टिबल, म्हणजे टप मागे दुमडून ठेवता येणाऱ्या. कुणी आकाशी, कुणी गुलाबी, मागे माशाच्या कल्ल्यांसारखे पंख, आणि बंपरवर आपला चेहरा दिसेल इतकं क्रोम. प्रत्येक गाडीखाली ‘आयकॉनिक’ लिहून किती दिवस भागणार? म्हणून वाचायला लागले.

दुसरं कारण आमच्या क्वार्टरच्या बाजूला सिमेंटच्या पत्र्याखाली उभं होतं. बाबांची पद्मिनी. तिच्याकडे येतेच, पण आधी त्या गुलाबी गाड्या.

मला वाटायचं, आधी बंद मोटारी आल्या असतील आणि मग कुणा हौशी माणसाने टप कापला असेल. झालं होतं उलटं. मोटारी मुळात उघड्याच होत्या, टांग्याच्या वंशातल्या. १९१९च्या सुमाराला अमेरिकेत दहातल्या नऊ गाड्या उघड्या असत. पाऊस आला की वर ताडपत्री ओढायची, बाजूला पडदे लावायचे आणि तरी भिजायचं. बंद गाडी श्रीमंतांची, कारण तिचा लाकडी सांगाडा सुतारांनी हाताने घडवलेला असे. पुढच्या दहा वर्षांत हे प्रमाण पार उलटलं. स्वस्त बंद गाड्या आल्या आणि दहातल्या नऊ बंद झाल्या. तरी टप पूर्ण पोलादी नव्हता, मधोमध कापडाचा तुकडाच असायचा. टपाएवढा रुंद सलग पत्रा पोलाद कारखान्यांना लाटताच येत नव्हता. तो जमल्यावर जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलांना अखंड पोलादी टप दिला.

हे मी बाबांना वाचून दाखवलं. बाबा खाणीच्या गॅरेजमध्ये डंपर दुरुस्त करत. ते म्हणाले, “म्हणजे रोलिंग मिल रुंद झाली तेव्हा मोटारीला छत आलं.” मी दोन पानं वाचून जे समजले होते ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

आणि छत सगळ्यांना मिळालं तेव्हा छत नसणं ही चैन झाली. पूर्वी उघडी गाडी म्हणजे स्वस्तातली, आता उघडी गाडी म्हणजे बंदपेक्षा महाग. १९३९मध्ये प्लिमथने बटणावर उघडणारा टप आणला, तेव्हा खाली उतरून दोघांनी ओढाताण करायचंही उरलं नाही. मधे महायुद्ध झालं, मोटारींचे कारखाने रणगाड्यांत आणि विमानांत गुंतले. युद्धानंतर लोकांच्या हातात पैसा आला आणि मोटारींवर विमानांचं भूत चढलं. कॅडिलॅकने १९४८मध्ये मागच्या दिव्यांवर दोन छोटे उंचवटे काढले. पी-३८ नावाच्या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून ती कल्पना सुचली होती. पुढची अकरा वर्षं ते उंचवटे वाढतच गेले. १९५९च्या कॅडिलॅकचे पंख पाहिलेत तर गाडी आता उडणार की कुणाला भोसकणार, असा प्रश्न पडतो. मला ती गाडी सुंदर वाटत नाही. आमच्या यादीत सगळ्यांत जास्त खपते मात्र तीच.

माझी आवडती गाडी इम्पाला. शेवरोले ही जनरल मोटर्सची मध्यमवर्गीय शाखा, कॅडिलॅकची गरीब मावसबहीण म्हणा. १९५५मध्ये तिला नवं व्ही-८ इंजिन मिळालं, लहान, हलकं आणि दमदार. १९५७च्या बेल एअरची चित्रं तर आजही हॉटेलांच्या भिंतींवर दिसतात. १९५८मध्ये बेल एअरचाच वरचा प्रकार म्हणून इम्पाला आली, आणि त्या पहिल्या वर्षी ती फक्त दोन रूपांत मिळत होती. एक दोन दारांची कूपे आणि दुसरी कन्व्हर्टिबल. म्हणजे हे नाव जन्मलंच मिरवण्यासाठी. पुढच्या वर्षी ती स्वतंत्र झाली. सव्वापाच मीटरहून लांब, दोन मीटर रुंद, वटवाघळासारखे आडवे पसरलेले पंख आणि मांजरीच्या डोळ्यांसारखे मागचे दिवे. आमच्या क्वार्टरची बैठकीची खोलीही एवढी लांब नव्हती.

त्याच वर्षी, ४ फेब्रुवारी १९५९ला, भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखाना रशियाच्या मदतीने उभा राहत होता. आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर दिल्लीत आले, तेव्हा हेच राजेंद्र प्रसाद त्यांच्या शेजारी उघड्या मोटारीत होते आणि रस्त्यांवर फुलं उधळणारी अफाट गर्दी होती. वर्षाच्या एका टोकाला रशियन भट्टी, दुसऱ्या टोकाला अमेरिकन पाहुणा. आमचे आबाजी त्याच्या आदल्या वर्षी अमरावती जिल्ह्यातून इथं ट्रक चालवायला आले होते. दुर्ग-रायपूरची राजधानी १९५६पर्यंत नागपूरच होती, त्यामुळे आपण परमुलखात चाललोय असं त्यांना वाटलंच नाही. त्यांनी इम्पाला कधी डोळ्यांनी पाहिली नसावी, पण शब्द त्यांच्या तोंडात होता. कुणी जरा ताठ चालला की म्हणायचे, “पाय, इम्पालातून उतरला!”

आता ती खोक्याची गोष्ट सांगते.

मी शाळेत होते तेव्हा माझ्या चुलत दादाचं लग्न ठरलं. त्याला घोडी नको होती. सिनेमात पाहिलेली उघडी गाडी हवी होती, आणि त्याची नजर पद्मिनीवर गेली. “काका, टप कापून टाकू. दुर्गला माझा वेल्डर आहे, अर्ध्या दिवसाचं काम. वरात होऊ दे, मग पुन्हा जोडू.” आई आतून ओरडली. बाबा ओरडले नाहीत. ते उठले, कपाटाखालून चपलांचा रिकामा खोका काढला आणि दादाच्या हातात दिला.

“पीळ.”

झाकणासकट खोका काही पिळला जाईना. मग बाबांनी झाकण काढून घेतलं. “आता पीळ.” खोका दादाच्या हातात ओल्या फडक्यासारखा वाकडा झाला.

“पद्मिनीला चॅसिस नाही,” बाबा म्हणाले. “ट्रकला असते, डंपरला असते, जीपला असते. हिचा पत्राच हिचा सांगाडा. तळ, बाजू, टप, सगळं मिळून एक डबा. टप कापलास तर वरातीच्या मधोमध गाडी पोटात वाकेल आणि दारं अडकतील. नवरीला खिडकीतून काढावं लागेल.”

दादा घोडीवर बसला. (टप कापणं कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार गाडीची मूळ रचना अशी परस्पर बदलता येत नाही. पण दादाला कायद्याने थांबवलं नसतं, नवरीला खिडकीतून काढायच्या कल्पनेने थांबवलं.)

इतक्या वर्षांनी इम्पालाबद्दल वाचताना मला तो खोका आठवला. तिला टप नसून ती वाकत कशी नव्हती? तर तिच्या पोटाखाली वेगळी चॅसिस होती आणि बॉडी वरून बसवलेली. सगळा भार चॅसिसवर, त्यामुळे टपावाचून तिचं चालायचं. तेवढ्यानेही पुरत नसे. कन्व्हर्टिबलच्या तळाला, दारांखाली आणि मागच्या सीटपाशी जादा पोलाद घालावं लागे, शिवाय टप उचलणारी मोटर आणि पंप वेगळे. म्हणून टप काढलेली गाडी त्याच मॉडेलच्या टप असलेल्या गाडीपेक्षा हलकी नसते, जड असते. मी हे वाक्य तीनदा वाचलं. इतकी वर्षं मी चित्रांत त्या गाड्या पाहून ‘किती हलकीफुलकी’ म्हणत होते.

आणखी एक गंमत. १९५८ ते १९६४ या काळातल्या शेवरोलेची चॅसिस इंग्रजी एक्स अक्षरासारखी होती. मध्ये जाड गाठ, चार कोपऱ्यांकडे चार हात, आणि बाजूंना दांडेच नाहीत. गाडी ठेंगणी दिसावी म्हणून माणसांचे पाय खाली सोडायला जागा हवी होती, त्यासाठी ही युक्ती. मी बाबांना मोबाइलवर त्याचं चित्र दाखवलं. बाबांनी आयुष्यभर डंपरच्या चॅसिसला गेलेले तडे शोधून वेल्डिंग केलेत. डॉक्टर एक्स-रे पाहतात तसे ते बराच वेळ पाहत राहिले, बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं. मग म्हणाले, “बाजूला काहीच नाही. बाजूने कुणी धडकलं तर?”

अमेरिकेत टीकाकारांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. १९६५च्या मॉडेलपासून शेवरोलेने ती चॅसिस बदलली आणि दांडे बाजूंना आणले.

या गाड्यांचा आपल्या मुलखाशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. पुष्कळ आहे. जनरल मोटर्सने १९२८मध्ये मुंबईत शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग जहाजाने यायचे आणि शेवरोले शिवडीत जोडली जायची. त्या काळच्या कित्येक शेवरोले ताडपत्रीच्या टपाच्या, उघड्याच. नंतर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली. कंपनी १९४४ची, आणि क्रायस्लरशी करार करून १९४७मध्ये तिथून गाड्या बाहेर पडायला लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही या देशात बनवायची असं या एकाच माणसाने डोक्यात घेतलं होतं. साखर कारखाने वगैरे वेगळेच.

स्वातंत्र्यानंतर सरकारचं धोरण असं झालं की नुसते सुटे भाग आणून जोडणं पुरे, इथं बनवणार असाल तरच राहा. जनरल मोटर्सने १९५४मध्ये शिवडीचा गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली, पण तिने अवाढव्य अमेरिकन गाड्यांपेक्षा छोटी इटालियन फियाट जवळ केली. पेट्रोल कमी पिणारी, गल्लीत वळणारी. तीच फियाट सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ झाली. अमेरिकेत पंख सर्वांत उंच होते तेव्हा आपल्याकडे नव्या परदेशी गाडीला दार जवळजवळ बंद होतं. वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्या, सिनेमावाल्यांच्या गाड्या, संस्थानिकांच्या जुन्या गाड्या, एवढ्यांतूनच ते वैभव लोकांना दिसायचं. म्हणूनच ‘इम्पाला’ हे मोटारीचं नाव न राहता आबाजींसारख्यांच्या बोलण्यात श्रीमंतीचं माप झालं.

अशा गाड्यांच्या मालकांमध्ये आमच्या घरात एकच नाव घेतलं जायचं. भगवानदादा. भगवान आभाजी पालव. जन्म १९१३चा, आमच्याच अमरावतीचा, वडील गिरणी कामगार. दादरच्या वस्तीत वाढलेला, मारधाडीच्या स्वस्त सिनेमांत कामं करणारा हा माणूस १९५१मध्ये ‘अलबेला’ घेऊन आला. निर्माता तोच, दिग्दर्शक तोच, नायकही तोच. समोर गीता बाली, संगीत सी. रामचंद्रांचं. जाडसर, बुटका, नायकासारखा अजिबात न दिसणारा माणूस नुसते खांदे आणि कंबर हलवत नाचला आणि देश त्याच्यासोबत नाचायला लागला. गणपतीच्या मिरवणुकीत आजही जो नाच दिसतो, त्यातला बराचसा त्याचा आहे. मग पैसा आला. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आणि दारात सात मोटारी, वारागणिक एक. शेवरोले त्याची फार लाडकी. पुढचे सिनेमे पडले, काही अर्धवट राहिले. बंगला गेला, मोटारी गेल्या. मिळतील ती छोटी कामं करत तो दादरच्या चाळीत परतला, आणि २००२मध्ये तिथंच वारला. २०१६मध्ये त्याच्यावर ‘एक अलबेला’ हा मराठी सिनेमा आला, तो आम्ही टीव्हीवर पाहिला. आबाजी तेव्हा नव्हते.

आबाजी असते तर त्यांनी पुन्हा तेच सांगितलं असतं, “सात गाड्यायचं काय करतं माणूस? बसाले जागा त एकच लागते.” त्यांच्या दृष्टीने भगवानदादा म्हणजे उधळपट्टीचा धडा. बाबांना हे कधीच पटलं नाही. त्यांचं म्हणणं, चाळीत परतूनही जो माणूस कामाला जात राहिला, त्याच्या खाली चॅसिस होतीच. मोटारी हा नुसता टप. बापलेकांचा हा वाद दर गणपतीला व्हायचा आणि कधी संपला नाही. मी बाबांच्या बाजूची. पण एक मान्य करते, पंचवीस खोल्या सोडून एका खोलीत यायला काय लागतं हे बोलायला सोपं आहे.

अमेरिकेत कन्व्हर्टिबलचे दिवस तसे लवकरच भरले. १९६५मध्ये तिथं वर्षाला पाच लाखांच्या आसपास विकल्या गेल्या, तो कळस. मग गाड्यांत एअर कंडिशनर आले, हायवेवर वेग वाढला, आणि शंभरच्या वेगात उघड्या गाडीत बोलणंही ऐकू येत नाही हे लोकांच्या लक्षात आलं. १९६३मध्ये केनेडींना उघड्या लिंकनमध्ये गोळी लागली होती. त्याच गाडीला नंतर कायमचा बंद टप बसवून ती अध्यक्षांसाठी वापरत राहिले. गाडी उलटली तर काय, या सुरक्षेच्या प्रश्नालाही कंपन्यांकडे धड उत्तर नव्हतं. १९७६मध्ये कॅडिलॅकने ‘ही शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल’ असा गाजावाजा करून एल्डोराडो विकली. लोकांनी जपून ठेवायला म्हणून घेतल्या. सहा वर्षांत क्रायस्लरने पुन्हा कन्व्हर्टिबल आणली, मग खुद्द कॅडिलॅकनेही, आणि ‘शेवटची’ म्हणून गाडी घेतलेले काहीजण कोर्टात गेले.

पद्मिनीचा शेवट मात्र खराच झाला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३मध्ये नोंदलेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. बाबांनी ती बातमी कापून पद्मिनीच्या कप्प्यात, विम्याच्या कागदांत ठेवली.

गेल्या वर्षी बाबा निवृत्त झाले. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायचं असतं, हे पहिल्या दिवसापासून माहीत असतं, आणि तरीही छत्तीस वर्षांनी ते ऐकायला नवंच वाटतं. बाबांचा जन्मही नंदिनीतलाच, आबाजींच्या क्वार्टरमधला. म्हणजे त्यांच्या डोक्यावरचं प्रत्येक छत आजपर्यंत कंपनीचं होतं. आम्ही दुर्गला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पार्किंग एका गाडीचं, आणि ते भावाच्या गाडीला. हिशेब सरळ होता, फक्त तो मोठ्याने कुणी करत नव्हतं.

भंगारवाला आला. त्याने पद्मिनीचं बॉनेट उघडलंसुद्धा नाही, एक चक्कर मारून म्हणाला, नऊशे किलो धरा. किलोवर भाव. बाबांनी नुसतं विचारलं, “नेणार कुठे?” तो म्हणाला, रायपूरला, सिलतऱ्याच्या भट्टीत. सळई होते. तो गेल्यावर बाबा आईला म्हणाले, “वाईट नाही. कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाईल.” आणि त्या रात्री जेवले नाहीत.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना सरकारने २०२१पासून विंटेज म्हणून वेगळी नोंदणी ठेवली आहे. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, फी वीस हजार. मी मोठ्या आशेने ते नियम वाचले. आमची पद्मिनी १९८८ची. म्हणजे ती इम्पालाच्या पंगतीला बसायला अजून बराच काळ आहे. तोवर ती नुसती जुनी.

मार्ग आईने काढला. अमरावतीजवळच्या गावात आबाजींच्या धाकट्या भावाचं घर आहे, समोर मोठं अंगण, कडुनिंब आणि बैलजोडी विकल्यापासून रिकामा पडलेला गोठा. आईने बाबांना न विचारताच फोन केला. छोटे आबाजी म्हणाले, “आणा ना. गोठ्यात काही तं उभं राहील.” बाबांनी पुढचे दोन आठवडे गॅरेजमधल्या जुन्या मित्रांना सोबत घेऊन पद्मिनीचे ब्रेक, रेडिएटरचे पाइप आणि क्लच यांत घातले. एनओसीसाठी तीन खेपा झाल्या. ट्रकवर चढवून नेऊ, असं भाऊ म्हणाला. बाबा म्हणाले, “ती ट्रकवर चढायची नाही.”

फेब्रुवारीत सामानाचा टेम्पो दुर्गला गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी आणि बाबा पद्मिनीत बसून निघालो. चारशेहून जास्त किलोमीटर, मध्ये नागपूरला आत्याकडे मुक्काम. ताशी पन्नासच्या वर बाबा जाईनात. एसी नाही, म्हणून चारही काचा खाली. राजनांदगाव मागे टाकलं, बागनदीचा पूल ओलांडून महाराष्ट्रात आलो. ट्रक हॉर्न वाजवत पुढे जात होते, त्यांतले काही ड्रायव्हर हात दाखवत होते. देवरीच्या पुढे जंगलाचा रस्ता लागला आणि वारा इतका आत यायला लागला की बोलणं ऐकू येईना. मला त्या गुलाबी गाड्यांतल्या बायका आठवल्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या. मी ओढणी बांधली.

तेवढ्यात डोक्यावर फडफड सुरू झाली. टपाच्या आतलं अस्तर, पस्तीस-छत्तीस वर्षांचं कापड, मागून सुटलं होतं आणि वाऱ्याने शिडासारखं फुगून खाली येत होतं. बाबांनी एका हाताने स्टिअरिंग धरलं, दुसरा हात वर करून पंजाने अस्तर टपाला दाबून धरलं आणि तसेच चालवत राहिले. दोन-तीन किलोमीटर झाले असतील. पुढे घाट दिसला, गिअर बदलायचा होता.

“धर गं जरा,” ते म्हणाले.

मी दोन्ही हात वर केले. साकोलीत चहाला थांबेपर्यंत माझ्या खांद्यांना मुंग्या आल्या होत्या. टपरीशेजारच्या दुकानातून बाबांनी चिकटपट्टीची दोन मोठी बंडलं घेतली.